फोटोतली रात्र कुठे गेली?

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे.

गेले तीन हिवाळे मी स्वीडनमध्ये आहे (ऑनसाइट, आणखी काय!). दर वर्षी नोव्हेंबर उजाडला, म्हणजे इथे 'उजाडला' म्हणणं जरा धाडसाचंच आहे, तर नोव्हेंबर उजाडला की ओळखीचे, अर्ध्या ओळखीचे आणि बिनओळखीचे सगळेच उत्तरेकडच्या रात्रींचे फोटो पाठवायला लागतात. फोटो बहुतेक एकच असतो. लाल लाकडी घर, खिडकीत पिवळा दिवा, मागे डोंगर, वर आकाशभर हिरवंगार काहीतरी वितळून सांडलेलं. बर्फ इतका शुभ्र की धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीत खपून जावा. लांबच्या झाडाची फांदी न् फांदी मोजून घ्या. खाली लिहिलेलं असतं, 'रात्रीचे पावणेबारा, उणे बावीस'.

उणे बावीस मान्य. पण पावणेबारा? त्या फोटोत घर आहे, डोंगर आहे, तारेसुद्धा आहेत. नाही ती फक्त रात्र.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो, म्हणजे ज्यांना इथूनच शिव्या घालायच्या आहेत त्यांचा वेळ वाचेल. रात्रीच्या निसर्गाचा फोटो बघणाऱ्याला पहिल्या झटक्यात ती रात्र आहे असं वाटलं पाहिजे. नाही वाटलं तर तो फोटो फसला, मग त्याला कितीही अंगठे मिळोत. आणि हे फसणं निरुपद्रवी नाही. त्याची किंमत कोण भरतं ते पुढे सांगतोच.

आधी ती रात्र असते कशी ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे 'सहा महिने दिवस, सहा महिने रात्र' एवढ्यावरच भूगोल संपतो. अबिस्को नावाचं एक गाव आहे, गाव म्हणजे आपलं म्हणायला. स्टॉकहोमहून रात्रीच्या गाडीने निघायचं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास पोचायचं. ६८ अंशांच्या वर, आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच पलीकडे. एका बाजूला तोर्नेत्रेस्क नावाचा लांबलचक तलाव, दुसऱ्या बाजूला लापोर्तेन ही दोन डोंगरांमधली दरी, कोणीतरी मोठ्या चमच्याने आइस्क्रीम काढून घ्यावं तशी गोल कोरलेली. ढगांचं पाणी नॉर्वेच्या डोंगरांवरच पडून जातं, त्यामुळे स्वीडनमधल्या सर्वांत कोरड्या ठिकाणांपैकी हे एक. वर्षाचा पाऊस-बर्फ मिळून जेमतेम ३०० मिलिमीटर. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत माणदेश, तसं हे, फक्त गोठलेलं. आकाश मोकळं मिळायची शक्यता जास्त, म्हणून अरोरावाल्यांची इथे गर्दी.

डिसेंबरभर इथे सूर्य क्षितिजावर येत नाही. पण म्हणून मिट्ट काळोख असतो असं अजिबात नाही. २१ डिसेंबरच्या दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजाखाली दोन अंशांच्या आतबाहेरच असतो. म्हणजे साधारण दहा ते दोन, चार तास नुसता संधिप्रकाश. दक्षिणेला शेंदरी-गुलाबी एक पट्टा, आणि बाकी सगळं निळं. बर्फ निळा, डोंगर निळे, समोरच्याचं नाकसुद्धा निळं (ते थंडीने). हा निळा रंग आपल्या दुपारच्या आकाशाचा नव्हे. सूर्य खाली गेल्यावर किरणं वातावरणातून फार लांबचा तिरका प्रवास करून येतात, आणि वाटेत वरचा ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग खाऊन टाकतो. डोक्यावरच्या संधिप्रकाशाचं निळेपण मुख्यतः ओझोनमुळे असतं हे हलबर्टने १९५३ मध्येच दाखवून दिलं. आपल्याकडे हा रंग दिवेलागणीला वीस मिनिटं येतो आणि आपण ट्रॅफिकमध्ये असतो.

मग दोननंतर तो निळा हळूहळू खोल जातो. कधी खोल गेला ते कळत नाही. पाचला खरी रात्र. चंद्र नसेल तर नुसते तारे आणि बर्फ. बर्फावर पडेल त्यातला ऐंशी-नव्वद टक्के प्रकाश तो परत फेकतो, त्यामुळे ताऱ्यांच्या उजेडातसुद्धा वीस मिनिटांनी पायवाट दिसायला लागते. आणि डिसेंबरची पौर्णिमा असेल तर विचारूच नका. उन्हाळ्यात सूर्य जिथे असतो तिथे हिवाळ्यात पौर्णिमेचा चंद्र, त्यामुळे तो बऱ्याचदा काही दिवस मावळतच नाही, वर गोल गोल फिरत राहतो. डांबर नाही फासलेलं; इथला काळोख म्हणजे निळ्या-करड्याच्या दहा-बारा घड्या आहेत, एकावर एक.

आणि नेमक्या ह्याच घड्या आपले फोटूवाले इस्त्री करून टाकतात.

कसं, ते सांगतो. कॅमेऱ्याचा मीटर ही बिचारी फार बाळबोध वस्तू. समोर काहीही असो, सरासरी मध्यम करड्या रंगाची यावी एवढंच त्याला शिकवलेलं असतं. कोळशाच्या ढिगाचा करडा, बर्फाचा करडा, मध्यरात्रीचाही करडा. दिवसा हे गृहीतक चालून जातं. रात्री त्याचा अर्थ होतो, 'जोपर्यंत दिवसासारखं दिसत नाही तोपर्यंत शटर उघडं ठेव'. पौर्णिमेला बर्फावर एफ २.८, आयएसओ १६०० ला दोनेक सेकंदांत चित्र व्यवस्थित येतं. तिथे लोक दहा सेकंद ठेवतात, घरी येऊन शॅडोजचा स्लायडर उजवीकडच्या भिंतीवर नेऊन आपटतात, आणि मग जे मिळतं ते म्हणजे दुपार. गंमत म्हणत नाहीये. चंद्राचा उजेड हा सूर्याचाच परतलेला उजेड, उलट किंचित तांबूसच. त्यात आकाश निळं दिसतं, झाडं हिरवी दिसतात. पुरेसा वेळ दिला तर चांदण्या रात्रीचा फोटो हा हुबेहूब दुपारचा फोटो होतो, फक्त वर तारे राहतात. मग त्या ताऱ्यांच्या पुराव्यावर आपण ती रात्र मानायची.

आता माझी खरी तक्रार डोळ्यांशी निगडित आहे, तेव्हा दहावीचं शास्त्र थोडं आठवा. दंडाकार पेशी अंधुक उजेडात काम करतात पण त्यांना रंग कळत नाही. शंक्वाकार पेशींना रंग कळतो पण उजेड लागतो. दंडाकार पेशींना ५०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे निळसर हिरवा, सर्वांत चांगला दिसतो; शंक्वाकार पेशींचा जोर ५५५ वर. म्हणून अंधार पडत जातो तशी लाल वस्तू आधी काळी पडते आणि निळसर वस्तू उजळ वाटत राहते. यान पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे दोनशे वर्षांपूर्वी नुसत्या डोळ्यांनी टिपून ठेवलंय. अरोराचा तो प्रसिद्ध हिरवा ऑक्सिजनचा, ५५७.७ नॅनोमीटर. म्हणजे शंक्वाकार पेशींच्या अगदी लाडका. पण अरोरा मंद असेल तर त्या पेशी जाग्याच होत नाहीत, आणि आपल्याला दिसतो तो करडा, दुधी पट्टा, पातळ ढगासारखा. जोर वाढला की हळूच हिरवी झाक येते. फारच पेटला तर खालच्या कडेला गुलाबी, आणि मग तो नाचतो. अक्षरशः नाचतो, सेकंदाच्या आत इकडचा तिकडे.

थोडक्यात काय, करड्यापासून हिरव्यापर्यंतचा तो प्रवास हीच खरी गोष्ट आहे. 'ढग आहे का रे?' इथपासून 'आईशप्पथ!' इथपर्यंत. फोटोंमध्ये मात्र सगळे अरोरा एकाच पोपटी रंगाचे. मंद असो वा प्रचंड, स्लायडर एकच. आणि हलणाऱ्या गोष्टीला वीस सेकंदांचं एक्स्पोजर दिल्यावर त्याच्या चुण्या, त्याचे पडदे, धारदार कडा सगळं एकमेकांत मिसळून पालकाचं सूप होतं. (पालकाचं सूप मला आवडतं. ह. घ्या.)

गंमत बघा, हा फोटो मिळवण्यासाठी लोकांनी काय काय खस्ता खाल्ल्यात. सोफुस ट्रॉमहोल्ट १८८२-८३ चा अख्खा हिवाळा नॉर्वेत कौतोकेइनोला जाऊन बसला. अरोरा भरपूर, पण काचेवर एक ठसा उमटला नाही. शेवटी हाताने चित्रं काढली. १८९२ मध्ये मार्टिन ब्रेंडेलला पहिला फोटो मिळाला, धूसर, डागासारखा. मग कार्ल स्टोर्मर आला. माणूस गणिताचा प्राध्यापक, आणि विद्यार्थी असताना कोटाच्या बटणात कॅमेरा लपवून ऑस्लोच्या रस्त्यावर लोकांचे गुपचूप फोटो काढायचा छंद! त्याने १९१० पासून दोन वेगळ्या ठिकाणांहून, टेलिफोनवर एकमेकांना सांगून, एकाच क्षणी फोटो काढले, मागच्या ताऱ्यांच्या संदर्भाने कोन मोजले आणि अरोराची खालची कड जमिनीपासून शंभरेक किलोमीटरवर असते हे सिद्ध केलं. काळे-पांढरे, साधे फोटो. पण अरोरा काय चीज आहे हे त्यातून जगाला कळलं. आज खिशातला फोन तीन सेकंदांत त्याच्या शंभरपट चांगलं चित्र काढतो आणि त्यातून बघणाऱ्याला अरोराबद्दल चुकीचं कळतं, याला काय म्हणायचं?

'अरे पण कॅमेऱ्याला डोळ्यापेक्षा जास्त दिसतं, तर दिसू दे ना! डोळा म्हणजे काय प्रमाण आहे का?'

हा मुद्दा वजनदार आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. तो हिरवा रंग खोटा नाही, ऑक्सिजन खरोखरच तिथे आहे. मे २०२४ मध्ये मोठं सौरवादळ आलं तेव्हा लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल अरोरा टिपला. इतक्या दक्षिणेकडून दिसतो तो फक्त सर्वांत उंचावरचा ६३० नॅनोमीटरचा लाल, आणि तो डोळ्यांना जवळजवळ काहीच जाणवत नाही. तिथे कॅमेरा नसता तर आपल्याला काही कळलंच नसतं. तेव्हा कॅमेऱ्याने जास्त बघावं, जरूर बघावं. पण मग ते मोजमाप आहे असं म्हणा, एक्स-रे सारखं. एक्स-रे दाखवून 'आमचा बंड्या असा दिसतो' असं कोणी म्हणत नाही. 'काय रात्र होती राव' असं लिहून जो फोटो पाठवला जातो, त्याने रात्रीबद्दल बोललं पाहिजे.

दुसरा ठरलेला युक्तिवाद: 'सगळेच एडिट करतात, अन्सेल अ‍ॅडम्ससुद्धा करायचा.' करायचाच! पण काय करायचा ते बघा. त्याचा न्यू मेक्सिकोमधल्या हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा १९४१ चा फोटो घ्या. काढला संध्याकाळी, सूर्य जेमतेम मावळतीला. पुढे अनेक वर्षं प्रिंट करताना तो आकाश आणखी आणखी काळं करत गेला, ढग जवळजवळ पुसून टाकले. म्हणजे डार्करूममध्ये त्याने घातला तो अंधार. माझं एडिटिंगशी भांडण नाहीच. रॉ फाइल म्हणजे भिजवलेलं पीठ, ती कोणी तशीच खात नाही. भांडण दिशेशी आहे.

आणि फोन बनवणाऱ्यांना हे माहीत नाही असंही समजू नका. २०१८ मध्ये गूगलने पिक्सेल फोनमध्ये नाइट साइट आणलं, तेव्हा त्यांच्याच इंजिनियर लोकांनी सविस्तर लिहिलं होतं की चित्र फार उजळलं तर बघणाऱ्याला ते दिवसाचं वाटेल. म्हणून शतकानुशतकं रात्रीची दृश्यं रंगवणाऱ्या चित्रकारांची युक्ती उचलून आम्ही सावल्या गडद ठेवतो. बरोबर विचार! रिक्वायरमेंट कोणालातरी नीट कळली होती. आणि मग युजर काय करतो? आलेलं चित्र एडिटरमध्ये उघडतो आणि ब्राइटनेस वाढवतो. २०२० पासून फोटोशॉपमध्ये तर आकाश बदलायची थेट सोयच आहे. खालची जमीन दुपारच्या निळ्या उजेडातली, वरचं आकाश मध्यरात्रीचं, किंवा भलत्याच गावचं. ओळखायची सोपी खूण सांगतो: तलावातलं प्रतिबिंब आणि सावल्यांची दिशा बघा. चंद्र डावीकडे आणि झाडाची सावलीही डावीकडे असे महान फोटो मी पाहिलेत.

आता किंमत कोण भरतं ते. मागच्या फेब्रुवारीत अबिस्कोला तलावाच्या काठावर उभा होतो, तर शेजारी चक्क मराठी कानावर पडलं. नाशिककडचे काका-काकू, दोघंही नुकतेच निवृत्त, टूरबरोबर आलेले. काका म्हणाले, दोन वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. साडेनऊला उत्तरेला एक फिकट कमान उगवली. मस्त होती, अगदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. काका म्हणाले, "ढग आले वाटतं." मी म्हटलं, काका, हाच तो. ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मीच फसवलंय. काकू म्हणाल्या, "हे एवढंच? आमच्या ग्रुपवर तर हिरवंगार येतं हो." त्यांच्या गाइडने उपाय सांगितला, फोनमधून बघा, फोनमध्ये हिरवं दिसतं. झालं, पंधरा जणांनी पंधरा स्क्रीन पेटवले.

स्क्रीनचा उजेड एकदा डोळ्यात गेला की रात्रीची नजर परत यायला वीस-तीस मिनिटं. त्यानंतर दहाव्या मिनिटाला ती कमान फुटली. डोक्यावर बरोबर मधोमध, सगळीकडून किरणं आत ओढल्यासारखी, खालून गुलाबी झालर. असं मी तीन हिवाळ्यांत दोनदा पाहिलंय. चार-पाच मिनिटांत संपलं. काका व्हिडिओ काढत होते. काकूंनी मान वर केली होती खरी, पण फोनवरून नुकतीच, चुरचुरत्या डोळ्यांनी. "थोडंसं हिरवं दिसलं हो," म्हणाल्या, समजूत घातल्यासारखं. मला इतका संताप आला. काकूंचा नाही, त्या 'ग्रुपवर येणाऱ्या हिरव्यागार'चा. दोन वर्षं पैसे साठवून आलेल्या माणसाला त्याच्याच डोळ्यांसमोरचं आकाश कमअस्सल वाटावं, हे काम त्या फोटोंनी केलं.

एक दुसरं नुकसान त्याहून मोठं आहे आणि ते आपल्याकडचं आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवरून आकाशगंगेचे फोटो काढतात ना, त्यात शहराच्या बाजूला क्षितिजावर एक पिवळट फुगा असतो. पुण्याच्या आसपास तर असतोच असतो. तो फुगा आता सॉफ्टवेअर एका क्लिकवर काढून टाकतं. फोटो सुंदर होतो आणि पुरावा नाहीसा होतो. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, हानलेला २०२२ मध्ये राखीव क्षेत्र झालं, हे कोणीतरी काळोख मोजून, दिवे बदलायला लावून, भांडून मिळवलेलं आहे. आणि ज्यांना रात्र सर्वांत जास्त आवडते असं ते स्वतः सांगतात, तेच ती फोटोतून धुऊन काढणार. उद्या गावात एलईडीचे पांढरे खांब उभे राहिले तर तक्रार कोण करणार? फोटोंत तर सगळीकडे आकाशगंगा लखलखीत आहे!

काय करायचं, ते माझ्यापुरतं सांगतो. पोचल्यावर वीस मिनिटं कॅमेरा बॅगेत. डोक्याला लाल दिवा, तोही बंदच शक्यतो. मग कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन अगदी मंद, आणि विश्वास हिस्टोग्रामवर, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना कुठलाही स्क्रीन लखलखीत वाटतो. नाचता अरोरा असेल तर एक ते चार सेकंद, बस्स. चित्रात गोंगाट आला तर आला. व्हाइट बॅलन्स एकदा ठरवून ठेवायचा, ऑटोला हात लावू द्यायचा नाही. बॅटऱ्या आतल्या खिशात, श्वास लेन्सपासून लांब, परत येताना कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मगच खोलीत, नाहीतर आतबाहेर दव. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वहीत दोन ओळी, कारण रंग आठवत नाहीत: 'डोळ्याला करडा. घर काळं. बर्फ राखाडी-निळा. डोंगराची कड फक्त जाणवते.' घरी स्लायडर हलवताना वही समोर. डोंगराची कड फक्त जाणवत होती तर फोटोतही फक्त जाणवेल.

असे फोटो कोणी बघत नाही, हे मान्य. 'ब्राइटनेस वाढव रे' असा प्रेमळ सल्ला आठवड्यातून एकदा मिळतो. मागच्या महिन्यात एक मोठा प्रिंट काढून घरी पाठवला, तोर्नेत्रेस्कच्या काठचा, चंद्र नसलेला. आईचा फोन आला. "प्रिंटरची शाई संपली होती का रे? सगळं काळंच आलंय."

म्हटलं, खिडकीपाशी नेऊन बघ. जरा वेळ बघ.

फोन चालूच होता. थोड्या वेळाने म्हणाली, "खाली पाणी आहे का हे?"